झुंबरचं वळण

खडकमाळ, ता. कळवण
१२ नोव्हेंबर १९८४

चि. चांगुणास सहादूचा जय भीम.

तुझं पत्र पोचलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तुझ्या वहिनीनं तर पत्र दोनदा वाचून घेतलं. तुझी शाळा, पाव्हण्यांची एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसातली पाळी, त्यात आईचं पथ्य, तुझी लय ओढाताण होत असंल. पण इकडं दवाखान्याची सोय नाय, म्हणून तिला तुझ्याकडं धाडली.

आता एक गोष्ट लिहितो ती आईच्या कानावर घालू नको. गेल्या आठवड्यात बांधकाम खात्याची जीप आली. माणसांनी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या रोवल्या, दुर्बिणीतून बघितलं, दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या. देवळ्यापासून आपल्या गावापर्यंतचा रस्ता नवा करायचा हाय. उखडलेल्या डांबरावर नवी खडी, नवं डांबर. दोन्ही अंगाच्या साईडपट्ट्या रुंद करून मुरूम दाबायचा, म्हणजे समोरून ट्रक आला तर बैलगाडी चारीत जायला नको.

आणि वळणं सरळ करायची हायेत. टेकाडाचं वळण पण त्यात हाय. टेकाड मधून कापून रस्ता सरळ काढणार.

आपल्या बाचं वळण जाणार, हे आईला कळलं तर ती रडंल. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाय म्हणून बजावलंय ना. तेव्हा ती बरी होईपर्यंत तू गप राहा. पाव्हण्यांना जय भीम.

तुझा,
सहादू


नाशिक रोड
२५ नोव्हेंबर १९८४

ती. दादास सप्रेम जय भीम.

आईला काही सांगितलेलं नाही. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती दिवसभर खाटेवर बसते आणि म्हशीची चौकशी करते. मी पाठ फिरवली की उठून भांडी घासायला जाते.

तुझं पत्र मी शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं. पुढच्या तासाला मला काही शिकवता आलं नाही, मुलांना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीपाशी उभी राहिले.

दादा, तुला तो उन्हाळा आठवतो का? दुष्काळात शाळा सोडून मी तुमच्याबरोबर या रस्त्याच्या कामावर आले होते. आई खडी फोडायची, मी आणि भागुबाई पाट्या वाहायचो. दुपारी सुकडी मिळायची, ती आम्ही दोघी एकाच पानात खायचो. बा टेकाडावर खोदत असायचा. येता-जाता माझ्या डोक्यावरचं फडकं भिजवून द्यायचा आणि म्हणायचा, "या रस्त्यानं तू मोटारीत बसून शाळेला जाशील. तवा खाली बघ, तुझीच खडी दिसंल."

मुरमाची भिंत कोसळली तेव्हा मी पाणी प्यायला गेले होते. धुरळ्यात काही दिसत नव्हतं. फकिराकाका दोन्ही हातांनी माती उपसत होते एवढंच आठवतं. त्यानंतर तिथं कुणी कुदळ मारली नाही. माणसांनी बाच्या मानाखातर रस्ता टेकाडाला वळसा घालून नेला.

पुढं एस.टी. सुरू झाली आणि मी देवळ्याच्या हायस्कूलला जायला लागले. कंडक्टर ओरडायचा, "झुंबरचं वळण, कोण उतरतंय?" मला तिथं उतरायचं नसायचं, तरी मी ताठ बसायचे. आपल्या माणसाचं नाव अख्ख्या गाडीनं ऐकायचं, ही काय लहान गोष्ट आहे का? त्याच्या नावाची पाटी नाही, काही नाही. एवढं एक वळण आहे.

तू ग्रामपंचायतीकडून अर्ज दे. म्हणावं, बाकीची वळणं सरळ करा, एवढं राहू द्या. तू दिलास तर कुणी नाही म्हणणार नाही.

वहिनीला आणि पोरांना जय भीम.

तुझी,
चांगुणा


खडकमाळ
६ जानेवारी १९८५

चि. चांगुणास जय भीम.

अर्जाचं जमलं नाय. पंचायतीत बाकीच्यांचं मत वेगळं हाय.

काम देवळ्याकडून सुरू झालंय. डांबराचा वास वाऱ्यावर घरापर्यंत येतो. पेठकडची माणसं कामावर हायेत, चारीच्या कडेला पालं टाकून राहतात. खडी आता कुणी हातानं फोडत नाय, मशीनची येते ट्रकमधून. आपण फोडलेली खडी मात्र काढणार नायत. खालचा थर भक्कम हाय, त्याच्यावरच नवा टाकायचा, असं साहेब म्हणला.

साईडपट्टीसाठी बांधाकडची थोडी जागा सगळ्यांनी सोडली, मी पण सोडली.

वळणाचा विषय तू डोक्यातून काढून टाक. आईला चष्मा कधी मिळणार ते कळव.

सहादू


नाशिक रोड
२० जानेवारी १९८५

दादास जय भीम.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. "विषय डोक्यातून काढ" असं तू मला कधी म्हणाला नव्हतास.

परवा आपला चुलतभाऊ चंदर कामाच्या शोधात एकलहऱ्याला आला होता. जेवायला घरी थांबला. बोलता बोलता म्हणाला, "सहादूदादाचं बरं झालं. टेकाड फुटलं की त्याचं टेकाडाकडचं शेत हमरस्त्याला लागंल. चहाचं दुकान टाकलं तरी चालंल." आई शेजारच्या खोलीत होती म्हणून मी त्याला तिथंच गप्प केलं.

मला खरं वाटत नव्हतं. पण मग तू अर्ज का दिला नाहीस? बा गेला तेव्हा तू वीस वर्षांचा होतास. मला वाटायचं, माझ्यापेक्षा तुलाच त्याची जास्त आठवण येत असेल.

मी माझ्या नावानं अर्ज लिहिला आणि नाशिकच्या कचेरीत नेऊन दिला. कामावर मेलेल्या माणसाची ही एवढीच खूण आहे, ती मोडू नये, असं लिहिलं. तिथल्या बाईंनी वाचला आणि चौकशी होईपर्यंत त्या वळणाचं काम थांबवतील असं सांगितलं.

तुला राग येईल. आला तर येऊ दे.

चांगुणा


खडकमाळ
११ फेब्रुवारी १९८५

चि. चांगुणास जय भीम.

तुझा अर्ज पोचला. टेकाडापाशी येऊन काम थांबलं. मशीन पुढच्या गावाला नेलं. गावात सगळ्यांना कळलं हाय की अर्ज झुंबरच्या लेकीनं केला.

मला राग आला नाय. चहाच्या दुकानाचं वाचून मात्र जेवण गोड लागलं नाय. आता लिहितोच, नायतर तू माझ्याबद्दल असंच धरून बसशील.

भागुबाई मागच्या चैत्रात गेली. कांद्याची ट्रॉली उलटून गेली, एवढंच मी तुला कळवलं होतं. कुठं उलटली ते लिहिलं नव्हतं. ती आपल्याच वळणावर उलटली. समोरून ट्रक आला, टेकाडाआड दिसला नाय. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर कडेला घेतला तर साईडपट्टी खचलेली. भागुबाई कांद्याच्या गोण्यांवर बसली होती. मी आणि फकिराकाकानं गोण्या बाजूला केल्या.

माती द्यायला गेलो तर तिची सासू मला बघून म्हणली, "झुंबरनं खाल्ली माझी सून." म्हातारी दुःखात बोलली, मी मनावर घेतलं नाय. पण ती एकटी नाय म्हणत. त्याच्या आधी मालेगावकडचा एक मोटरसायकलवाला गेला. ट्रकवाले तिथं आले की थुंकतात. कंडक्टर आता उतरणाऱ्यासाठी ओरडत नाय. "झुंबरचं वळण आलं, धरून बसा" म्हणतो. पलीकडच्या गावचा एक गाडीवान माझ्यासमोर बैलाला म्हणला, "चल रे, हाई झुंबरनी जागा शे, आठे थांबानं नही." भुताच्या जागेला म्हणावं तसं, इथं थांबायचं नाय म्हणं. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

तू नाशकाला राहतीस. तुझ्या कानात अजून जुना कंडक्टर ओरडतोय. मी रोज तिथनं जातो. बाचं नाव असं घेतलेलं मला ऐकवत नाय, चांगुणा. म्हणून मी अर्ज दिला नाय.

चैत्र आला की कांद्याच्या गाड्या सुरू होतील. तुला काय वाटतं ते कळव.

सहादू


नाशिक रोड
२४ फेब्रुवारी १९८५

ती. दादास सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आईला चष्मा मिळाला होता. मी शाळेतून आले, दारातच पत्र वाचलं आणि पदरानं तोंड पुसून आत गेले. आई खाटेवर बसून चष्म्यातून स्वतःचे हात बघत होती. वर बघून म्हणाली, "रडलीस का गं? आता मला दिसतंय."

मग मला लपवता आलं नाही. सगळं पत्र तिला वाचून दाखवलं. भागुबाईचं आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. म्हणाली, "डाक्तरचं राहू दे, वाच पुढं."

वाचून झाल्यावर तिनं पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. तुला होतं का?

म्हणाली, "वळसा तुझ्या बापाला नकोच व्हता. मुकादम म्हणायचा, टेकाड सोडा, बाजूनं चला. हा म्हणायचा, न्हाई, फोडू. अडलेली बाई गाडीत घालून देवळ्याला न्यायची तर रस्ता सरळ पायजे. मी अडले व्हते तवा माझी पयली लेक तशीच वाटंत गेली, तुमच्या दोघांच्या आधीची. त्याच्या मनातनं ते कधी गेलं न्हाई. म्हणून तो समद्यांच्या पुढं खोदायचा. तो गेला आन् माणसं भ्याली. भ्यायचीच. कुणी कुदळ धरंना, मग रस्ता बाजूनं नेला. त्यात मान कसला? आन् जे त्याला नको व्हतं त्यालाच त्याचं नाव चिकटलं."

मी म्हटलं, "आई, मग इतकी वर्षं तू का बोलली नाहीस?"

"तू एस.टी.तनं उतरायचीस ती हसत यायचीस. तुला काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आई म्हणाली, अर्ज तू दिलास, पण नवरा माझा होता, मी येते. आम्ही दोघी कचेरीत गेलो. या कामावरचे इंजिनिअर दिवाकर म्हणून आहेत, तरुण आहेत, त्या दिवशी नाशिकला आलेले होते. मी अर्ज मागे घेतला. मागे घेतल्याच्या कागदावर आईनं अंगठा उठवला. मग ती त्यांच्या टेबलापाशी उभीच राहिली.

त्यांनी विचारलं, "आजी, अजून काही?"

आई म्हणाली, "टेकाडाची बाजू कशी कापणार?"

त्यांनी तळहात तिरपा धरून दाखवला. "अशी उतरती. उभी ठेवत नाही आम्ही."

"तवा उभी व्हती," आई म्हणाली.

ते खुर्चीवरून उठले. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. निघताना म्हणाले, "कापायच्या आधी मी निरोप पाठवीन. तुम्ही या."

दादा, मी तुझ्यावर भलताच संशय घेतला. चंदरच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवायला नको होता. भागुबाईच्या सासूला भेटून ये आणि माझा जय भीम सांग. तिनं बोलावं, तिचा हक्क आहे.

आईला पुढच्या महिन्यात आणून सोडते.

तुझी,
चांगुणा


खडकमाळ
२ मे १९८५

चि. चांगुणास जय भीम.

तुझ्या शाळेच्या परीक्षा होत्या म्हणून तुला येता आलं नाय. सगळं लिहितो.

दिवाकर साहेबानं शब्द पाळला. सकाळी जीप घराशी आली. आईनं धुतलेलं लुगडं नेसलं, चष्मा लावला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी मागं.

टेकाडापाशी गेलो तर मला वाटलं आम्हीच असू. पण दुष्काळात कामावर असलेली बरीचशी माणसं आली होती. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आक्काबाई काठी टेकत आली होती. भागुबाईची सासू बांधावर लांब बसली होती. आई तिच्यापाशी जाऊन बसली. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाय, पण नंतर एकाच तांब्यातून पाणी प्यायल्या.

फकिराकाका सगळ्यात उशिरा आले. बाला बाहेर काढल्यापासून त्यांनी टेकाडावर पाय ठेवला नव्हता. ढोरं पण लांबून न्यायचे. मशीन सुरू झालं तेव्हा ते माझा दंड धरून उभे होते. पहिला मुरूम खाली आला तशी त्यांची पकड घट्ट झाली. मग सैल झाली. म्हणाले, "एवढंसं तर व्हतं रे. आम्हाला केवढं वाटायचं." आणि मग म्हातारा रडला. मी पण.

आई रडली नाय. दिवसभर टेकाडाकडं बघत बसली. जेवणाची भाकरी पण तिथंच खाल्ली.

आठ-दहा दिवसांनी रोलर फिरून मुरूम बसला. अजून खडी पडायची होती. संध्याकाळी आई म्हणली, मला घेऊन चल. तिनं वहाणा काढून हातात घेतल्या आणि टेकाडाच्या मधून, त्या नव्या कापातून, या टोकाकडून त्या टोकाला चालत गेली. फकिराकाका मागं, मी त्यांच्या मागं. दोन्ही बाजू उतरत्या हायेत, वरपर्यंत आभाळ दिसतं. पलीकडं गेल्यावर ती वळली आणि म्हणली, "झालं बग त्याचं काम."

आता खडी पडली, डांबर पडलं. साईडपट्टीवरून दोन बैलगाड्या जातील एवढी जागा हाय. कांद्याचे ट्रक सुसाट जातात. तू सुट्टीत ये.

सहादू


नाशिक रोड
१६ जून १९८५

ती. दादास सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचलो. पोरं अजून आंब्यांच्या गप्पा मारतात.

तुला तिथं बोलले नाही, म्हणून इथून लिहिते. येताना मी खिडकीपाशी बसले होते. ठरवलं होतं, ती जागा आली की बघायची. गाडी सरळ चालली होती, धाकटी काहीतरी विचारत होती, आणि मी बाहेर बघितलं तर देवळा आलं. कंडक्टरनंही कसलं नाव घेतलं नाही. कशाला घेईल?

जे झालं ते चांगलंच झालं, हे मला कळतं. रात्री ह्यांना म्हटलंसुद्धा. पण दादा, आता त्या रस्त्यानं जाणाऱ्या एकाही माणसाला झुंबर कोण ते ठाऊक नसणार. तुझी पोरं, माझी पोरं, मग संपलं. डांबराच्या खाली खडी दिसत नाही. मी बघितलं होतं.

आईला जप. तिचे थेंब संपत आले असतील, पाठवते.

तुझी,
चांगुणा


खडकमाळ
१७ नोव्हेंबर १९८५

चि. चांगुणास जय भीम.

हे पत्र आई सांगतीय, मी लिहितोय. ती म्हणती तसंच लिही, तुझं काही घालू नको.

चांगुणा, डोळा बरा हाय. सुई ओवती. म्हस गाभण हाय. चंदरला पाव्हण्यांनी कामाला लावलं ते बरं केलं.

तू गेल्यापासनं तुझ्या मनात काय हाय ते सहादूनं मला वाचून दाखवलं. मी म्हणलं, पावसाळा जाऊ दे, मग सांगू.

नवा रस्ता सरळ गेला, पण टेकाडामागचा जुना तुकडा तसाच राहिला. साहेबानं तो उखडला न्हाई. दोन्ही तोंडाला दगड लावले, म्हणजे मोटार शिरत न्हाई. पावसानं धुऊन तो तुकडा लखलखीत झाला. यंदा बाजरी चांगली झाली. गावात खळी सारवायला कुणाला सवड न्हाई. भागुबाईच्या सासूनं पयल्यांदा तिथं कणसं नेऊन टाकली. मग आक्काबाईनं नेली. आता समद्या गावाची बाजरी तिथंच मळत्यात. टेकाडाचा आडोसा हाय, वारं बेताचं लागतं, खाली डांबर, माती लागत न्हाई. जिथं डांबर उडालंय तिथं आपली खडी वर आलीय. बैल फिरत्यात, पोरं उड्या मारत्यात. बाया उफणायला उभ्या राहिल्या की गाणी म्हणत्यात. मी बी जाती.

काल फकिराच्या सुनंनं नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "मी झुंबरच्या वळणावर हाय, तिकडंच भाकरी घेऊन या." ती पोर लग्न होऊन याच उन्हाळ्यात आली. तिला तुझा बाप ठाऊक न्हाई. तिला वाटतं खळ्याचं नावच ते हाय. मी तिला काय सांगितलं न्हाई. तिच्याबरोबर बसून भाकरी खाल्ली.

चंदर दिवाळीचा आलाय, परवा परत निघंल. त्याच्याबरोबर बाजरीची गोणी पाठवती. तिथलीच हाय. नीट पाखडली, पण बारीक खडा असंल एखादा. दळायच्या आधी निवडून घे.

आईचा आशीर्वाद.

लिहिणार, सहादू